आवाज बरा झाला की जाईन

माझा घसा बसला तेव्हा शाळांचे फुटबॉलचे सामने तोंडावर आले होते, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मला तर नाहीच. रोह्याच्या एका शाळेच्या मैदानावर मी वीसेक वर्षं मुलींना फुटबॉल शिकवत होतो. माझं शिकवणं म्हणजे ओरडणं. मैदानाच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या मुलीला "मागे बघ" म्हटलं, की ती मागे बघायची. कुंडलिका नदीवरून येणारा वारा उलटा असला तरी माझा आवाज पोहोचायचा. दर मोसमात तो आठ-दहा दिवस बसायचा आणि मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी सुटायचा. त्या वर्षी गणपतीत बसला तो दिवाळी आली तरी सुटला नाही.

"एकदा दाखवून या," माझी बायको सुलभा म्हणाली.

"सामने होऊ देत."

"सामने काय, दरवर्षी असतात."

"मग दरवर्षी घसाही बसतो," मी म्हटलं आणि विषय संपवला.

हे लिहायला बसलो ते ज्यांचा घसा असाच बसलाय त्यांच्यासाठी. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर दाखवा. माझ्याकडून तीन महिने गेले.

आधीचं थोडं

माझं नाव हरिश्चंद्र. घरात आणि गावात हरी, मैदानावर सर. जन्म पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला. वडील मिठागरावर कामाला होते, आईही त्यांच्याबरोबर मीठ ओढायची. भातं कापून झाली की शेतं दगडासारखी कडक व्हायची. तिथे आम्ही अनवाणी खेळायचो. पायाला भेगा पडायच्या, त्यात खारं पाणी गेलं की जीव जायचा. पण डावा पाय माझा चांगला होता. पुढे धाटावच्या एका केमिकल कंपनीची टीम होती, तिथल्या साहेबांनी मला एका गावच्या सामन्यात पाहिलं आणि कामाला घेतलं. कामाला ऑपरेटर, खेळायला लेफ्ट हाफ. मधली दोन वर्षं मुंबईच्या एका टीमकडूनही खेळलो. त्या दोन वर्षांतल्या एका सामन्यात गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, धावाल, पण असं खेळू नका. मी सत्तावीस वर्षांचा होतो.

तेव्हा वाटलं होतं, आयुष्यातलं मोठं दुःख उरकलं. कंपनीत परत आलो. शिफ्ट संपवून मैदानावर जाऊ लागलो आणि हळूहळू कळलं, की पायाने जे राहिलं ते तोंडाने करता येतं. मैदानाबाहेर उभं राहून अकराजणींच्या पायांनी खेळता येतं. त्यात मी इतका रमलो, की खेळणं सुटल्याचं वाईट वाटेनासं झालं.

एक गोष्ट मुलींपासून मी लपवली. मी विड्या ओढायचो. सकाळी चहाबरोबर, शिफ्टच्या आधी, शिफ्टनंतर. मैदानावर जाताना बडीशेप खायचो. मुलींना दम टिकवायला सांगायचो आणि स्वतः दिवसाला बंडल संपवायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण हे गाळलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ राहणार नाही.

तो दिवस

त्या वर्षी आम्ही अंतिम सामना हरलो. दुसऱ्या दिवशी सुलभाने काही न विचारता मला रोह्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात आरसा घातला, पाहिलं, परत पाहिलं. मग खुर्चीवर मागे टेकून म्हणाले, "विडी?"

मी मान डोलावली.

"मुंबईला जा. उद्याच जा. मी चिठ्ठी देतो."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्यांना पंधरा दिवस गेले. दुर्बीण घातली, तुकडा काढला, फोटो काढले. निकालाच्या दिवशी आम्ही दोघं एका बाकावर सकाळपासून बसलो होतो. नाव पुकारलं तेव्हा सुलभा डब्यातली पोळी खात होती. तिने घास तसाच डब्यात ठेवला आणि उठली.

डॉक्टर माझ्याहून वयाने लहान होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि पेनने एका ठिकाणी गोल केला. म्हणाले, "गाठ स्वरयंत्रात आहे. पसरलेली नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी इथे, गळ्यात, कायमचं छिद्र राहील."

मी विचारलं, "मैदानावर कधी जाता येईल?"

त्यांना ते नीट ऐकू आलं नाही, इतका माझा आवाज खोल गेला होता. सुलभाने परत सांगितलं, "मैदानावर कधी जाता येईल विचारतायत. फुटबॉल शिकवतात ते."

डॉक्टर म्हणाले, "जाल. तीन-चार महिन्यांत जाल. पण ओरडता येणार नाही. बोलण्यासाठी नंतर एक झडप बसवता येते. त्याने जो आवाज येईल तो वेगळा असेल."

"वेगळा म्हणजे?"

"तुमचा वाटणार नाही."

बाहेर आल्यावर सुलभाने फाइल पिशवीत घातली. पिशवीची चेन अडकली होती. ती चेन ओढत राहिली, ओढत राहिली, आणि मग तिथेच जिन्यात बसून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. तिला काहीतरी म्हणावं असं खूप वाटलं. मोजके दिवस हातात आहेत, मोजकं बोलणं हातात आहे, हे कळत होतं. आणि मी काय म्हणालो? "डबा संपव, घरी नेऊन खराब होईल."

आईला सांगितलं नाही

माझी आई गावी धाकट्या भावाकडे, दत्ताकडे राहायची. ऐंशी ओलांडलेली. काचबिंदूने तिची दृष्टी पूर्ण गेली होती. तिला माणसं आवाजावरून कळायची. अंगणात कोणी चप्पल काढली तरी ती विचारायची, "कोन हाय?" आणि समोरचा बोलला की लगेच नावाने हाक मारायची. माझ्याशी रोज संध्याकाळी दत्ताच्या फोनवरून बोलायची. काय जेवलास, मॅच कधी हाय, सुलभा कशी हाय. दोन मिनिटांचं बोलणं, पण ते झाल्याशिवाय ती ताटावर बसायची नाही.

घसा बसल्यावर मी फोन टाळू लागलो. सुलभा बोलायची, "ते मैदानावर आहेत" म्हणायची. ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा दत्ता म्हणाला, "दादा, आयेला सांगूया."

मी म्हटलं, "नको. या वयात तिला कशाला घोर? सगळं होऊ दे, मग मी स्वतः येऊन सांगतो."

"स्वतः कसा सांगशील?" दत्ताने विचारलं. त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

ठरलं असं, की मी गुजरातला नोकरीला असलेल्या मुलाकडे गेलोय आणि तिथे फोन नीट लागत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आवाजाची शेवटची संध्याकाळ होती. फाटका का होईना, माझा होता. ती मी प्राजक्ताशी फोनवर बोलण्यात घालवली. प्राजक्ता माझी जुनी कॅप्टन. आता डोलवीला प्लँटमध्ये कंत्राटी नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर मुलींना शिकवायची. मी तिला सांगत होतो, कुणाला कुठे खेळव, कुणाचा घोटा दुखतोय, जाळी कुठे ठेवलीय.

"सर, हे सगळं मला माहिती हाय," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही झोपा आता."

आईला फोन केला नाही. मनात आलं होतं. हा घोगरा आवाज ऐकून ती घाबरेल, असं स्वतःला सांगितलं.

वॉर्ड

शुद्धीवर आलो तेव्हा श्वास गळ्यातून चालला होता. नाकाशी काहीच हालचाल नाही, हे फार विचित्र वाटतं. आपलं नाक म्हणजे चेहऱ्यावर चिकटवलेली वस्तू. नाकातल्या नळीतून पातळ अन्न आत जायचं. दर थोड्या वेळाने सिस्टर गळ्यातला कफ यंत्राने ओढायची, तेव्हा पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं. मी खाडीकाठचा माणूस, चालायच्या आधी पोहायला शिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाण्यात उतरायचं नाही. गळ्यातून पाणी थेट फुप्फुसात जाईल.

आमच्या वॉर्डात सगळे तसलेच. आठ पुरुष, आणि कुणालाच आवाज नाही. माझ्या शेजारचा सांगलीकडचा भाजीवाला होता. गाडी ढकलत गल्लोगल्ली ओरडून त्याने आयुष्य काढलं होतं. त्याने पाटीवर लिहून मला विचारलं, "धंदा?" मी लिहिलं, "फुटबॉल कोच." तो ते वाचून हसला. आवाज न येता हसला, खांदे हलले फक्त. मग स्वतःच्या गळ्याकडे आणि माझ्या गळ्याकडे बोट दाखवून त्याने कपाळावर हात मारला. मीही हसलो. ऑपरेशननंतरचं ते माझं पहिलं हसणं. आरशापुढे उभं राहून छिद्र पुसायला त्यानेच मला शिकवलं. पहिले काही दिवस तो माझं मनगट धरून ठेवायचा.

तो माझ्या आधी घरी गेला. जाताना बिछान्याच्या लोखंडी दांडीवर दोनदा टकटक केली आणि निघाला.

टाके निघाल्यावर सहा आठवडे किरणं घेतली. तेव्हा आम्ही सुलभाच्या बहिणीकडे राहिलो. गळ्याची कातडी भाजून काळी झाली. तोंड कोरडं पडलं, चव गेली, वासही गेला. वासाचं एक बरं झालं. रोह्याला परतल्यावर धाटावच्या बाजूने वारा आला की सगळे नाकाला रुमाल लावायचे, मला पत्ताच नसायचा.

घरात

आजारी माणसाबद्दल लोक विचारतात, त्याची काळजी घेणाऱ्याबद्दल विचारत नाहीत. रोह्याला आल्यावर मी सुलभाला बोलवायला स्टीलच्या वाटीवर चमचा आपटायचो. पाणी हवं, वाटी. पंखा बंद कर, वाटी. ती अंघोळीला गेली असली तरी वाटी. मला भीती वाटायची. गळ्यात कफ अडकला आणि मला हाक मारता आली नाही तर? पण ती भीती मी तिला कधी लिहून दाखवली नाही. वाटीच वाजवली.

एके दिवशी दुपारी तिने येऊन माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "मी माणूस आहे हो. तीन महिने मी धड झोपले नाही. तुम्हाला वाटतं तुमचाच आवाज गेला. माझ्याशी या घरात कोण बोलतंय?"

मी पाटी घेतली आणि भराभर लिहू लागलो. बरंच काही लिहिलं, रागाने. पाटी तिच्यापुढे धरली.

तिने डोळे मिटून घेतले.

बोलणाऱ्या माणसाला गप्प करायला तोंड दाबावं लागतं. मला गप्प करायला तिने फक्त पापण्या मिटल्या. मी पाटी धरून उभा राहिलो. हात दुखायला लागला तेव्हा ती खाली ठेवली, लिहिलेलं पुसलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने ती आली आणि शेजारी उभी राहून घासलेली भांडी पुसू लागली. त्या दिवसापासून दुपारी दोन तास ती दार लावून झोपायची आणि मी वाटी कपाटात ठेवायचो.

आईपुढे

एप्रिलमध्ये आम्ही गावी गेलो. गळ्यावर पातळ कापडाचा पट्टा बांधला होता. आई ओटीवर बसली होती. सुलभाने हाक मारली, "आई, आम्ही आलो."

"सुलभा का गो? आनी हरी?"

"हे काय, समोर आहेत."

आई वाट बघत राहिली. मी बोलेन म्हणून तिने मान किंचित तिरकी केली होती. मी खाली बसून तिचा हात हातात घेतला. मग सुलभाने तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आईने ऐकून घेतलं. मग तिचा हात माझ्या हनुवटीवरून गळ्यावर आला, पट्ट्याखाली गेला आणि तिथे थांबला. माझा श्वास तिच्या बोटांना लागत होता.

"इथनं?" तिने विचारलं.

"हो आई," सुलभा म्हणाली.

"मी आंधली हाय रं हरी," आई म्हणाली, "बहिरी नाय. तुजा आवाज गेलाय ह्ये मला गनपतीपासून कलतंय. गुजरातला गेलाय म्हनून सांगत व्हते ही सगली. मी व्हय व्हय म्हनत व्हते. मी म्हनलं, येल आनी सांगल. थोडा तरी शिल्लक हाय तवर येल."

दत्ता उठून बाहेर गेला. मी रडलो. माझं रडणं म्हणजे गळ्यातून हवा जोरात जाते, फसफस होते, बाकी काही नाही. तिने ते ऐकलं आणि विचारलं, "ह्यो काय आवाज?" सुलभाने सांगितल्यावर ती पदराने माझं तोंड पुसत राहिली. डोळे नेमके कुठे आहेत ते तिच्या बोटांना बरोबर कळत होतं.

निघताना आम्ही एक ठरवलं. तिने विचारायचं आणि मी तिच्या तळहातावर बोट टेकवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जेवलास का? एकदा. दुखतं का? दोनदा. असं थोडा वेळ चाललं. मग ती हात मागे घेऊन म्हणाली, "व्हय-नाय कोन पन सांगल. त्यात हरी कुठं हाय?"

मैदान

जूनमध्ये मैदानावर गेलो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्राजक्ताने शिट्टी माझ्या हातात दिली. मी ती सवयीने ओठांत धरली आणि फुंकली. काहीच झालं नाही. फुंकायची हवा गळ्यातूनच निघून गेली. शिट्टी नुसत्या तोंडाने वाजत नाही, छातीतल्या हवेने वाजते, हे आयुष्यात पहिल्यांदा मला नीट समजलं. प्राजक्ताने माझ्याकडे न बघता ती परत घेतली आणि स्वतः वाजवली. "चला, दोन चक्कर."

मी टाळ्या वाजवून, हात हलवून, पाटीवर लिहून शिकवू लागलो. मुली फार समजून घ्यायच्या. पाटीवर लिहिलेलं एकजण मोठ्याने वाचायची. पण फुटबॉल पाटी वाचायला थांबत नाही. मी लिहीपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा.

एक दिवस प्राजक्ता आली नव्हती. आमची गोलकीपर आफरीन एक उंच चेंडू पकडायला आडवी धावत होती, नजर वर. मैदानाच्या कडेला सिमेंटचा रोलर उभा होता. मला तो दिसत होता, तिला नाही. पुढे काय होणार ते मला तीन पावलं आधी दिसलं. माझं तोंड उघडलं. "आफरीन" म्हणून ओठ हलले, छाती हवेने भरली, आणि गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा गेली. मी टाळी वाजवली. मुली चेंडूकडे बघून ओरडत होत्या, त्यात टाळी कुठे ऐकू येणार? मी धावलो. माझा गुडघा जुना होता आणि मी फार लांब होतो.

तिचा हात कोपराजवळ मोडला. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तिचे वडील आले तेव्हा मी पाटीवर लिहिलं, "चूक माझी." त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "सर, खेळ म्हटला की लागतंच." भला माणूस. पण वीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत कुणी रोलरवर आदळलं नव्हतं. माझी एक हाक पुरायची.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताच्या घरी जाऊन मी चाव्या दिल्या. जाळीच्या खोलीची आणि कपाटाची. ती घेत नव्हती.

"सर, तुम्ही नुसते बसा कडेला. मी ओरडते."

मी लिहिलं, "मी बसलो की त्या माझ्याकडे बघतात. त्यांनी तुझ्याकडे बघायला पाहिजे."

तिने ते बराच वेळ वाचलं. मग चाव्या घेतल्या. मी घरी आलो आणि सहा-सात दिवस मैदानावरून जाणारा रस्ता टाळला. गुडघा गेला तेव्हा खेळणं गेलं होतं. या वेळी सगळंच गेलं.

झडप

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी झडप बसवली. छिद्रावर अंगठा दाबायचा, हवा आतून वळवायची आणि बोलायचं. शिकवायला एक मॅडम होत्या. पहिल्या दिवशी जो आवाज निघाला तो ऐकून मी दचकलो. रिकाम्या पिंपात कोणीतरी बोलतंय तसा. खरखरीत, एकसुरी. "ह" तर येतच नव्हता. माझं स्वतःचं नाव मला म्हणता येईना. "अरी" यायचं.

"होईल सवय," मॅडम म्हणाल्या. "घरातल्यांशी बोला. जितकं बोलाल तितकं सुधारेल."

सुलभाशी बोलू लागलो. पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "चा कर." तिने चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. चांगल्या दिवसांतही मी तिला एवढा आवडलो नसेन.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "आईंना फोन लावते. बोला."

मी म्हटलं, "थांब."

"का?"

"असला आवाज ऐकवू? घाबरेल ती. ओळखणारच नाय. जरा बरा झाला की जाईन. समोर बसून बोलेन."

"त्यांना आवाज चांगला नकोय हो. तुमचा हवाय."

"तो माझा नाय," मी म्हटलं.

चाळीस वर्षं फुटबॉलमध्ये घालवल्याचा हा परिणाम असावा. तयारी झाल्याशिवाय खेळाडूला मैदानात उतरवायचं नाही, हे माझं ठाम मत. मी रोज सकाळी आरशापुढे उभा राहून सराव करू लागलो. "आई, कशी आहेस?" शंभर वेळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर वेळा. थोडा थोडा सुधारत होता. "आई" चांगलं यायला लागलं होतं, त्यात "ह" नाही. मी दसरा ठरवला होता.

दसऱ्याला चार दिवस होते तेव्हा सकाळी दत्ताचा फोन आला. आईला धाप लागलीय, पेणला दवाखान्यात नेतोय. आम्ही तसेच निघालो. नागोठण्यापर्यंत गाडी बरी चालली. वडखळच्या अलीकडे ट्रकची रांग लागली होती. मी सारखा अंगठा गळ्यावर दाबून पुटपुटत होतो, आई, आई, आवाज मोकळा राहावा म्हणून. ड्रायव्हर आरशातून बघत होता. सुलभाचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकला, आणि माझा गळ्यावरचा हात हळूच खाली घेतला.

"आता घाई नाही," ती ड्रायव्हरला म्हणाली.

दहावा

अग्नी मीच दिला. त्या नऊ दिवसांत मी कुणाशी बोललो नाही. गावातल्या लोकांना माझा आवाज गेलाय एवढंच माहीत होतं, झडपेचं माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी अपेक्षाही केली नाही. सुलभानेही मला काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. भटजींनी पिंड मांडले. गोत्र झालं, मग म्हणाले, "मृताचं नाव घ्या. थोरल्या मुलाने घ्यायचं." लगेच त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही मनात म्हणा, धाकटे मोठ्याने म्हणतील."

दत्ताने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली आणि अंगठा गळ्यावर ठेवला.

आईचं नाव मी आयुष्यात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. आईला कोण नावाने हाक मारतं? हिराबाई. "ह" मला येत नव्हता. मी म्हणालो, "इराबाई."

लोक वळून बघू लागले. आवाज खाडीच्या पाण्यावरून लांब गेल्यासारखा वाटला. भटजी हलकेच म्हणाले, "पुन्हा. पिंडागणिक नाव घ्यायचं."

"इराबाई," मी म्हणालो. आणि पुढच्या पिंडाला पुन्हा, "इराबाई."

मागे झाडाखाली माझा मामा बसला होता. आईचा धाकटा भाऊ, उरणकडचा. थकलेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या आजाराचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आल्यापासून तो कुणाकुणाला विचारत होता, हरी कुठंय, हरी बोलत का नाय. तो शेजारच्याला म्हणाला, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठ्याने म्हणाला, "ह्यो हरीच ना? घसा बसलाय वाटतं त्याचा."

माझा अंगठा गळ्यावर तसाच राहिला. म्हणजे आवाज ओळखू येत होता.